पाय थकण्याआधी मन थकतं

घाण्याला जुंपलेला बैल दिवसभर चालतो, पण पोचत कुठंच नाही. शाळेच्या मैदानाला रोज वीस फेऱ्या मारणाऱ्या मुलाचंही तसंच होतं. पहिले आठ दिवस मोठा हुरूप असतो. पंधराव्या दिवशी पोटात दुखू लागतं आणि महिन्याभरात मैदान ओस पडतं. भरतीची तयारी करणारी पोरंही अशीच गळतात. आपण म्हणतो, पोरं आळशी झाली. पण दोष पोरांचा कमी, फेऱ्यांचा जास्त.

असं का होतं? फेरीत पुढचं सारं ठाऊक असतं. तेच झाड, तोच खांब. पाहायला नवं काही नसलं की लक्ष जातं आपल्या धापेकडं, भरून आलेल्या पोटऱ्यांकडं, आणि उरलेल्या फेऱ्यांच्या हिशेबाकडं. नव्या वाटेवर मात्र वळणापलीकडं काय आहे, ही उत्सुकता असते. डोळे कामाला लागतात आणि अंतर केव्हा सरलं ते कळतही नाही. शिवाय कडक जमिनीवर रोज एकाच बाजूला वळत धावलं, तर त्याच सांध्यांवर भार पडत राहतो. माती, गवत, चढ, उतार असा पालट झाला, की तो भार वाटला जातो.

स्वीडन देशात हे फार पूर्वी ओळखलं गेलं. १९३०च्या दशकात तिथले धावपटू शेजारच्या फिनलंडपुढं मागं पडत होते. तेव्हा यॉस्टा होल्मेर या प्रशिक्षकांनी निराळी पद्धत बसवली. रानवाटेनं धावायचं, मन होईल तिथं वेग वाढवायचा, मग सावकाश, चढ आला की पुन्हा जोर. तिचं नाव ‘फार्टलेक’, म्हणजे ‘वेगाचा खेळ’. तिथल्याच रानवाटांवर तयार झालेल्या गुंडर हेग या लाकूडतोड्याच्या मुलानं १९४२ साली ५,००० मीटरची शर्यत १३ मिनिटं ५८.२ सेकंदांत जिंकली. त्याआधी ते अंतर १४ मिनिटांच्या आत कुणीच कापलं नव्हतं.

आता आपलं पाहू. एक दिवस पाणंद, एक दिवस माळ, एक दिवस टेकाडाची चढण, एक दिवस शेजारच्या वाडीपर्यंत. गुरुजी, कधीकधी वाट मुलांनाच निवडू द्या. त्यांनी निवडलेली वाट ती सहसा सोडत नाहीत. मात्र नवी वाट आधी चालून पाहा. ओल्या बांधावर आणि अंधारात धावू नका; घोटा मुरगळतो. डांबरी सडकेवर समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनं धावा.

एक गोष्ट विसरू नका. वाटा बदलल्या तरी मोजलेलं एक अंतर कायम ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी त्यावर घड्याळ लावून वेळ वहीत टिपा. प्रगती त्या आकड्यांतच दिसेल. मुलाला ती वही वाचायला द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला हाक मारावी लागणार नाही.