परभणीचे स्थान : अंश, कला आणि दशांशचिन्ह

परभणी शहराचे स्थान उत्तर अक्षांश १९° १६′ व पूर्व रेखांश ७६° ४७′ असे दिले जाते. तेच दशांश पद्धतीने १९.२७ व ७६.७८ असे लिहितात. दोन्ही नोंदी यथार्थ आहेत. प्रमाद घडतो तो एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीने वाचल्यामुळे. एका अंशाच्या साठ कला होतात, आणि दशांश पद्धतीत त्याच अंशाचे शंभर भाग कल्पिलेले असतात. तेव्हा १९.२७ हे ‘१९ अंश २७ कला’ असे उतरविले, की शहर अकरा कला, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर, उत्तरेस जिंतूरच्या बाजूला सरकते. रेखांशात हीच चूक लपत नाही, कारण ७८ कला संभवतच नाहीत. अक्षांशाला मात्र असा पहारेकरी लाभलेला नाही.

जिल्ह्याच्या विस्ताराविषयी वारंवार उद्धृत होणारे आकडे या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत : अक्षांश १८.४५ ते २०.१० व रेखांश ७६.१३ ते ७७.३९. चारही ठिकाणी बिंदूनंतरची संख्या साठाच्या आत आहे. एवढ्यावरूनच हा बिंदू दशांशाचा नसून अंश व कला यांना विलग करणारा असावा, अशी शंका येते. नकाशा तिला दुजोरा देतो. १८.४५ हे खरोखर दशांश मानले, तर जिल्ह्याची दक्षिण सीमा लातूर शहराच्या अक्षांशापासून अवघ्या पाच-सहा किलोमीटरांवर येते; गंगाखेडच्या दक्षिणेस परभणीची हद्द इतकी दूर जात नाही. १८° ४५′ असे वाचल्यास ती योग्य जागी बसते.

पूर्वेकडील ७७.३९ या आकड्याचा दोष निराळा आहे. तो कसाही वाचला तरी नांदेड शहराच्याही पूर्वेस जातो, आणि आजच्या पूर्णा तालुक्याची सीमा तेथवर पोचत नाही. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला; तोवर कळमनुरीचा मुलूख परभणीत मोडत होता. आकडा त्या अविभक्त जिल्ह्याचा असावा. जिल्हा आटला, नोंद तशीच राहिली. पुढे एका ग्रंथातून दुसऱ्यात ती उतरत गेली, की चार ग्रंथांचे एकमत हेच पुरावा म्हणून पुढे येते. वस्तुतः साक्षीदार एकच असतो.

जुन्या नकाशांवरून रेखांश घेणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रेखांश मद्रास वेधशाळेच्या आधाराने मोजले जात. तारायंत्राच्या साहाय्याने फेरमोजणी झाल्यावर त्या वेधशाळेचा पूर्वी स्वीकारलेला रेखांश सुमारे २′ २७″ नी अधिक असल्याचे आढळले, आणि १९०५ च्या सुमारास नकाशांत दुरुस्ती झाली. परभणीच्या अक्षांशावर हे अंतर चार किलोमीटरांहून अधिक भरते. त्यापूर्वीच्या नकाशावरील एखादे देवस्थान वा बारव आजच्या नकाशावर तशीच मांडली, तर ती शेजारच्या गावच्या शिवारात जाऊन पडेल. एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीमानावरून जागतिक मानकावर येताना होणारा फरक त्या मानाने किरकोळ, शे-दीडशे मीटरांचा. नदीकाठची जागा निश्चित करताना तोही पुरेसा असतो.

अलीकडे याच्या उलट टोकाचा दोष दिसतो. शहराचे स्थान सहा दशांश स्थळांपर्यंत दिले जाते. सहावे स्थळ सुमारे अकरा सेंटिमीटरांचे असते. पण तो बिंदू रेल्वे स्थानकाचा, जिल्हाधिकारी कचेरीचा की वस्तीच्या मध्याचा, हे नोंदीत लिहिलेले नसते.