फौज मागे येते तेव्हा विचारायचे कोणी?

बांधाचा तंटा मिटला की खुणेचा दगड कुठे बसला, हे आपण स्वतः जाऊन पाहतो. मग सीमेवरून फौज मागे येते तेव्हा कोण पाहतो?

१० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथे हजर होते. दोन्ही फौजांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ च्या जागी परतायचे ठरले. त्यात हाजीपीर खिंडही सोडावी लागली. आपल्या राजूर घाटासारखीच ती डोंगरातली वाट, पण साडेआठ हजार फुटांवरची. २८ ऑगस्टला जवानांनी रक्त सांडून घेतलेली. मंत्री महावीर त्यागी यांनी राजीनामाच दिला. लोकसभेत चर्चा झाली ती फेब्रुवारीत, म्हणजे सही होऊन महिना उलटल्यावर!

आपल्याकडे फौज हलवण्याचा निर्णय सरकारचा. संसदेची आधी परवानगी लागत नाही. संसदेच्या हाती राहते खर्चाची मंजुरी आणि प्रश्न विचारणे. १९९३ पासून संरक्षणाची स्थायी समिती या खात्याच्या मागण्या तपासते. माझ्या मते हा कासरा जरा सैलच आहे.

खासदार मोताळ्याला आले की पीकविम्याचे आपण विचारतोच. ज्यांची पोरे फौजेत आहेत, त्यांनी हेही विचारावे.