धक्का कोणाचा?

बदलापूर लोकलमध्ये अंबरनाथला दारातून धक्का बसतो आणि पार आतपर्यंत पोहोचतो. माणसं मात्र जागच्या जागीच. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉनही असेच मिळून हेलकावतात. १९५७ साली रुफस रिची यांनी गणिताने दाखवलं, की अशी लाट धातूच्या पृष्ठभागालगतही असते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात लाल दिसतात ते या सामूहिक हेलकाव्यामुळे. गरोदरपणाच्या चाचणीपट्टीवरची लालसर रेघ बऱ्याचदा त्याच कणांची! एकटा इलेक्ट्रॉन काही लाल नसतो. मग लाट खरी, की नुसता हिशेब? बौद्ध म्हणतील, अवयवांपलीकडे काही नाही. नैयायिक विचारतील, परमाणू दिसत नाहीत, मग घट कसा दिसतो? मी, मंडळी, इथे नैयायिकांच्या बाजूचा.