कापलेलं जाळं

कार्तिकातली पहाट. पवनीच्या घाटावरून डोंगा निघतो, तेव्हा धुक्यात वल्हं मारणाऱ्या भाऊंची पाठ तेवढी दिसते. वैनगंगेचं पाणी हलत नाही. 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आता इथवर आहे. वाहती नदी तळ्यासारखी उभी राहिली आहे. अशा पाण्यात मासेमारी करणारे ढिवर उभी जाळी लावतात. संध्याकाळी सोडायची, पहाटे ओढायची.

थर्माकोलचा तुकडा हाती येतो. त्याखाली तंगुसाचं जाळं, पाण्यात डोळ्याला दिसतच नाही असं. दोन कतला येतात, एक रोहू. मग जाळं जड होतं.

“मासोळी नाही जी हे,” ओढता ओढताच भाऊ म्हणतात.

वर येतं ते कासव. ताटलीएवढं, हिरवट तपकिरी पाठीचं. तंगूस मानेत रुतलाय, मान लांब लोंबते आहे. या जातीच्या पोटाशी कातडी झडपा असतात. भ्यालं की पाय आत घेऊन ते झडपा मिटून घेतं. याचा एक पाय बाहेरच राहिलाय. कातडीतून थोडा प्राणवायू मिळाला तरी कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावंच लागतं. रात्रभर त्याला ते जमलं नाही.

भाऊ बोलत नाहीत. मान सोडवतात, काठाकडे एकदा बघतात आणि कासव हळूच पाण्यात सोडतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव वाघासोबत पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेलं कासव डोंग्यात दिसलं तर ढिवरालाच जाब द्यावा लागेल. खरं तर ढिवराला ते कासव नकोच होतं.

दहा-बारा हातांवर दुसरं कासव. हे जिवंत आहे, इतकं धडपडतंय की डोंगा डुलतो. गाठी सोडवत बसलं तर फास आणखी आवळतोय. भाऊ चाकू काढतात. एक, दोन, तीन ठिकाणी कापतात. कासव पाण्यात पडतं, नाक वर काढतं. फुस्स. मग खाली जातं.

जाळ्यात आता परातीएवढं भोक आहे.

“हे सांधाले दोन दिस लागतीन,” ते म्हणतात. “पन त्याचं का चुकलं जी?”

दोन दिवस जाळं पाण्यात नाही, म्हणजे दोन दिवस मिळकत नाही. त्याची भरपाई भाऊंना कोणी देणार नाही. कोकणात मिळते. कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला फोटो-पुराव्यावर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात 2018 पासून आहे. पण ती समुद्रापुरती. मत्स्यव्यवसाय आणि वन या दोन्ही विभागांनी ती वैनगंगेवरच्या ढिवरांसाठीही लागू करावी.