बहात्तर कोटींची मैत्री कशी मोजावी?

वर्गातल्या चाळीस मुलांसाठी फळ्यावर चाळीस बिंदू काढा आणि ज्या दोघांची मैत्री आहे त्यांचे बिंदू रेषेने जोडा. गणितात अशा आकृतीलाही आलेखच म्हणतात. क्ष आणि य अक्षांवर आपण जो आलेख काढतो त्याच्याशी हिचे फक्त नावापुरतेच नाते. येथे अक्ष नाहीत, प्रमाण नाही. कोण कोणाशी जोडलेले आहे एवढेच महत्त्वाचे. मित्र एका पावलावर, मित्राचा मित्र दोन पावलांवर. मग कोणतीही दोन मुले घेतली तर त्यांच्यात सरासरी किती पावलांचे अंतर असेल? चाळीस मुलांच्या बाबतीत फळ्यावर बोट फिरवून उत्तर काढता येते. पण सगळ्या जगाचे काय?

अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६७ च्या सुमारास हे पत्रांच्या साखळीने पाहिले. प्रत्येकाने पत्र आपल्या ओळखीच्याच माणसाकडे द्यायचे आणि ते बोस्टनजवळच्या एका गृहस्थांपर्यंत पोचवायचे. ट्रॅव्हर्स आणि मिलग्रॅम यांच्या १९६९ च्या निबंधानुसार २९६ जणांपासून सुरुवात झाली, पण ६४ पत्रेच पोचली. त्या साखळ्यांत सरासरी ५.२ मध्यस्थ होते. मात्र लांब साखळ्या वाटेतच तुटण्याचा संभव जास्त, आणि पत्र सर्वांत जवळच्या वाटेनेच गेले असेल याचीही खात्री नाही.

२०११ साली इटलीतील मिलान विद्यापीठाच्या संशोधकांनी फेसबुकमधील संशोधकांच्या साह्याने हाच प्रश्न नव्याने हाती घेतला. तेव्हा त्या आलेखात ७२ कोटी १० लाख बिंदू आणि सुमारे ६,९०० कोटी रेषा होत्या. आता जरा हिशेब करू. एका माणसापासून सुरुवात करून सर्वांची अंतरे काढायची तर सगळ्या रेषा निदान एकदा पाहाव्या लागतात. समजा, संगणक सेकंदाला दहा कोटी रेषा पाहतो. तर एका माणसासाठी ६९० सेकंद लागतील. हेच ७२ कोटी माणसांसाठी करायचे तर पावणेसोळा हजार वर्षे होतात! शिवाय प्रत्येकाने ‘माझ्यापासून तीन पावलांत कोण कोण’ ही यादी जवळ ठेवायची म्हटली, तर तेवढी जागा आणायची कोठून?

यादीऐवजी नुसती संख्या ठेवली तर? तेही जमत नाही. माझे दोन मित्र आणि त्यांचे प्रत्येकी दहा मित्र म्हणजे वीस माणसे असे म्हणता येत नाही, कारण त्यांतले काही जण दोघांचेही मित्र असतील. खरी अडचण या दुबार मोजणीत आहे.

येथे छापा-काटा मदतीला येतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाने काटा येईपर्यंत नाणे उडवावे आणि त्याआधी सलग किती छापे आले तो आकडा चिठ्ठीवर लिहावा. निम्म्या मुलांचा आकडा शून्य येईल, पाव मुलांचा एक. सलग पाच छापे सरासरी बत्तीस मुलांमागे एकालाच मिळतात. म्हणजे वर्गातला सर्वांत मोठा आकडा पाच असेल, तर मुले बत्तीसच्या आसपास असावीत असा अंदाज बांधता येतो. शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हा खेळ घेतो तेव्हा एखाद्याला सलग नऊ छापे पडतात आणि आमची फजिती होते! त्यावर उपाय आहे. मोठ्या समुदायाची ६४ गटांत स्वैर वाटणी करायची, प्रत्येक गटाचा सर्वांत मोठा आकडा वेगळा लिहायचा आणि त्या ६४ आकड्यांची एक विशिष्ट सरासरी घ्यायची. मग प्रमाण चूक सुमारे १३ टक्क्यांवर येते. २५६ गट केले तर साडेसहा टक्क्यांवर. चूक निम्मी करायची तर गट चौपट. या कल्पनेचे मूळ फिलिप फ्लाजोले आणि नायजेल मार्टिन यांच्या १९८० च्या दशकातील कामात आहे. संगणकात नाणे उडवत नाहीत. प्रत्येकाच्या क्रमांकाचे एका सूत्राने शून्य-एकच्या माळेत रूपांतर करतात आणि सुरुवातीची शून्ये मोजतात.

आता गंमत पाहा. चिठ्ठीवरचा आकडा प्रत्येकाने आपल्या वहीत उतरवला. पहिल्या फेरीत त्याने सगळ्या मित्रांच्या वह्या पाहायच्या आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा आपल्या वहीत लिहायचा. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीअखेर वहीतला आकडा दोन पावलांच्या आतील सर्वांचा असतो. तोच मुलगा दोन वाटांनी आला तरी त्याचा आकडा तोच राहतो, आणि ७ व ७ यांत मोठा आकडा ७ च. दुबार मोजणीचा प्रश्न मिटला! एका फेरीत सगळ्या रेषांवरून एकदाच जायचे, आणि अशा काही डझन फेऱ्या पुरतात. जागाही थोडी लागते: २ चा ३० वा घात १०७ कोटी असल्याने वहीतले आकडे तिसाच्या फारसे पुढे जात नाहीत. दर फेरीत नव्याने किती जोड्या सापडल्या यावरून सरासरी अंतर काढता येते. नवी नाणी उडवून सारे पुन्हा करायचे, म्हणजे चूक किती असेल याचाही अंदाज येतो.

सरासरी अंतर निघाले ४.७४ पावले, म्हणजे मध्ये पावणेचार माणसे. हा निकाल नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झाला; फ्लाजोले त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. २०१६ साली फेसबुकच्या संशोधकांनी १५९ कोटी माणसांसाठी अशीच मोजणी केली. आलेख दुपटीहून मोठा झाला होता, तरी मधली माणसे ३.५७ वर आली होती.

हे आकडे मिलग्रॅमच्या ५.२ शेजारी मांडून ‘जग लहान झाले’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण ती तुलना बरोबर नाही. पत्र पाठवणाऱ्याला पुढची वाट दिसत नव्हती. संगणकासमोर सगळा आलेख होता आणि तो सर्वांत जवळचे अंतरच मोजत होता. शिवाय या वह्यांत नावे नसतात. चार पावलांच्या आत साधारण किती माणसे आहेत हे वही सांगते, पण एखाद्या विशिष्ट माणसापर्यंत जायचे तर पहिले पत्र कोणाच्या हाती द्यावे, हे त्या वहीतून कळत नाही.