पाडव्याला शिळा होणारा माल

उमरग्याकडचा कुणबी पेरणीचा अंदाज मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांवर बांधतो. निजामी अमलात त्याला साऱ्याचा हप्ता फसली सनाप्रमाणे भरावा लागे, सोलापूरच्या पेठेशी देणेघेणे इसवी तारखेने चाले आणि लेकीचे लग्न शालिवाहन शकाच्या तिथीवर ठरे. तीन-चार कालगणनांच्या या गुंत्यात पंचांग ही वस्तू जितकी धर्माची तितकीच व्यवहाराची होती, आणि मुद्रणाच्या धंद्याचा इतिहास या बाजूने न्याहाळला तर त्यातील यशापयशाचा एक वेगळाच हिशेब हाती लागतो.

योहान गुटेनबर्गची कीर्ती बायबलाच्या बेचाळीस ओळींच्या प्रतीवर उभी आहे. पण त्याच प्रतीने त्याला बुडवले, हे धंद्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. योहान फुस्ट या सावकाराकडून त्याने प्रथम 800 आणि 1452 च्या सुमारास पुन्हा 800 गुल्डन घेतले. एवढा प्रचंड ग्रंथ सिद्ध होऊन विकला जाईपर्यंत सावकाराला दम निघाला नाही, आणि 1455 च्या नोव्हेंबरातील दाव्यात व्याजासह 2,026 गुल्डनांची मागणी उभी राहिली. याच काळात मेंत्समध्ये पोपच्या क्षमापत्रांचे फर्मे आणि 1455 सालासाठी तुर्कांविरुद्ध इशारा देणारे एक छोटे पंचांगवजा पुस्तकही छापले गेले, ते माझ्या मते केवळ अनुषंगिक काम नव्हते. चार दिवसांत खपणारा माल कोणता, याची जाणीव त्या छापखान्याला झालेली होती. ती मोठ्या ग्रंथाच्या भाराखाली दबली.

आपल्याकडे सुरतेच्या भीमजी पारेखाची हकीकत याहून उदासवाणी आहे. या धनाढ्य व्यापाऱ्याने जुने ब्राह्मणी ग्रंथ छापण्याच्या इच्छेने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला, 1674 साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आलाही. परंतु त्याला देशी अक्षरांचे ठसे कोरता येईनात. नाना फडणविसांच्या आश्रयाने पुण्यात भगवद्गीतेचे ताम्रपट कोरण्याचा उद्योग सुरू झाला आणि त्याची परिणती 1805 च्या मिरजेतील गीतेत झाली, ती दानधर्माची गोष्ट होती, विक्रीची नव्हती. मुंबईच्या पारशांनी मात्र मर्म ओळखले. रुस्तुम केरसासपजीने 1780 सालाचे इंग्रजी कॅलेंडर 34 पृष्ठांत छापून दोन रुपयांना विकले. पुस्तकबांधणीतून या धंद्यात आलेल्या फर्दुनजी मर्झबानांनी 1814 मध्ये गुजराती पंचांग काढले आणि पुढे 1822 मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केला.

मराठीत हे मर्म ओळखण्याचा मान गणपत कृष्णाजींचा. भंडारी जातीचे, मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरी करणारे हे गृहस्थ तेथील छपाई पाहत पाहत स्वतःच कारागीर बनले. लाकडी यंत्र त्यांनी घडवले, शाई प्रयोगाने साधली, आणि 1831 साली शके 1753 चे पंचांग शिळाछापावर छापून बाहेर काढले. देवनागरीचे खिळे ओतायचे म्हणजे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून शेकडो ठसे व तितकेच साचे करावे लागत, त्यासाठी भांडवल हवे. उलट आलोइस सेनेफेल्डरच्या शिळाछापाच्या युक्तीला, जी त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वतःची नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत शोधली, चुनखडीची शिळा, तेलकट शाई, पाणी आणि एक वळणदार हात पुरे होता. लेखनिक बेकार झाला नाही. त्याचे अक्षर शेकडो प्रतींत गेले. (निजामाच्या उर्दू दफ्तराच्या नस्तालीक वळणालाही शिळाछापच मानवला, तो याच कारणाने.) प्रारंभी छापील कागदाच्या स्पर्शाने विटाळ मानणारे सनातनी होते, म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घातल्याचे सांगतात. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 च्या 'मुंबईचे वर्णना'त या उद्योगी पुरुषाची नोंद घेतली आहे. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळेही ओतले. शिळेने मिळवलेल्या पैशातून धातूकडे जाण्याचा हा क्रम ज्याला साधला, त्याला फुस्टासारख्या सावकाराच्या दारी जाण्याची पाळी आली नाही.

पंचांगाची बाजारपेठ अशी की माल दर पाडव्याला निरुपयोगी होतो आणि गिऱ्हाईक आपण होऊन परत येते. जावजी दादाजींनी, तेही त्याच मिशनच्या छापखान्यातले, 1864 मध्ये खिळ्यांचा कारखाना व 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता विद्वानांनी वाखाणली. घरोघर मात्र त्या छापखान्याचे नाव पंचांगाने पोहोचवले.

गावच्या जोशाचे बलुते यात चटकन बुडाले असेल, असा समज होणे साहजिक आहे. मला तसे वाटत नाही. छापील प्रतीचा पहिला खरीदार तोच. गणिताची यातायात वाचली, आणि पाडव्याचे वर्षफल वाचून दाखवण्याचा हक्क त्याच्याकडेच राहिला. उमरग्याच्या अंगाने पाहिले तर हैदराबादच्या रस्त्यावरील सोलापूर हे जवळचे मोठे शहर. शके 1838 पासून तेथूनच नानाशास्त्री दात्यांचे पंचांग निघू लागले आणि मराठवाड्याच्या या कोपऱ्यात मुंबईच्या वाटेकडे डोळे लावण्याचे कारण उरले नाही. जोशाची मक्तेदारी खरोखर सैल केली ती 1973 साली जयंतराव साळगांवकरांच्या 'कालनिर्णया'ने. तिथी, तारीख, सण, मुहूर्त एका चौकटीत मांडून त्यांनी पंचांग भिंतीवर टांगले, आणि महिन्याच्या पानाची मागची बाजू पाककृती व लेखांनी भरून टाकली.