इंचभर उंचीचा धारवाडचा वेढा

परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडच्या किल्ल्याभोवती बसली ती सप्टेंबर १७९० मध्ये, आणि किल्ला हाती आला एप्रिल १७९१ मध्ये. आत टिपू सुलतानाचा किल्लेदार बद्रुज्जमान खान, बाहेर मराठे, आणि त्यांच्या जोडीला कॅप्टन लिटलच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडच्या पलटणी. साडेसहा महिन्यांच्या या वेढ्याची इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा दोन-चार वाक्यांत बोळवण होते, आणि ती वाचून वेढा आपल्याला समजला असे वाटते. हा समज तपासायचा असेल तर त्या फौजेतला एक शिपाई रंगवायला घ्यावा. मेजावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी इंचभर उंचीचे, म्हणजे साधारण २८ मिलिमीटरचे, धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक जगभर रंगवले जातात. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम १९१३ मध्ये पुस्तकरूपाने छापले, तेव्हापासून या छंदाचा पसारा फार वाढला आहे. आपल्याकडे मात्र तो पोरखेळ समजला जातो. माझ्या मते तो इतिहास पारखून घेण्याचा एक कसोशीचा मार्ग आहे, आणि हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाला त्यासाठी घराजवळच उत्तम विषय मिळालेला आहे.

‘मराठ्यांच्या घोडदळाने मुलूख व्यापला’ असे लिहिणाऱ्याला एकाही स्वाराच्या पागोट्याचा रंग सांगावा लागत नाही. कुंचला हाती घेतलेल्या माणसाला मात्र तो ठरवावाच लागतो, आणि तेथून खरे प्रश्न सुरू होतात. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे आणि स्वतःचेच कपडे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा मिळे, तरी एकसारखा पोशाख घालण्याची शिस्त मराठी घोडदळात नव्हती. म्हणजे वीस स्वार एकाच भगव्या पटक्यात रंगवले तर ते दिसतील रुबाबदार, पण खोटे ठरतील. पुण्यात किंवा बेळगावात दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मावळे साच्यातून निघतात आणि एकाच डब्यातल्या रंगाने रंगतात. मुलांच्या किल्ल्यासाठी त्यात काही वावगे नाही, पण तेच चित्र मोठेपणीही डोक्यात राहते हे वाईट. खऱ्या फौजेत न रंगवलेल्या, मळून पिवळट झालेल्या सुती कापडाचे प्रमाण मोठे असणार. त्यात कुठे निळीचा पटका, कुठे आलाच्या मुळीपासून काढलेला लाल शेला, कुठे कुसुंब्याचा फिका गुलाबी. या गर्दीशेजारी कंपनीचे शिपाई उभे केले की फरक डोळ्यांत भरतो. त्यांच्या अंगात लाल डगले, खाली मात्र आखूड जांघिया आणि पायात चपला. टिपूच्या कवायती पायदळाच्या जांभळट कापडावर पांढऱ्या वाघपट्ट्या. तीन फौजा म्हणजे चाकरीच्या तीन रीती होत्या. पगार, कापड आणि हुकूम एकाच हातातून येतो की प्रत्येक जण आपापले घेऊन येतो, हे रंगांतूनच कळते.

आता पुराव्याकडे वळू. या वेढ्याचा फार तपशीलवार वृत्तान्त एडवर्ड मूर या कंपनीच्या तरुण लेफ्टनंटने लिहिला आणि तो १७९४ मध्ये लंडनला छापला गेला. पुढे हिंदू देवदेवतांवरच्या ग्रंथासाठी प्रसिद्ध झालेला मूर तो हाच. मराठ्यांच्या तोफखान्याबद्दलचे त्याचे वर्णन पुढच्या इतिहासकारांनी अनेकदा उचलले आहे. गोलंदाज तोफ भरून ठेवतात, अर्धा तास धूम्रपान करत गप्पा मारतात, मग ती डागतात आणि धुरळा भरपूर उडाला की समाधान मानतात. दुपारी एक ते तीन या वेळात तर दोन्ही बाजू जणू ठरवून जेवणासाठी तोफा बंद ठेवतात. हे वाचून मराठ्यांच्या आळसाचा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो काढलाही गेला आहे. पण मेजावर हा वेढा मांडणाऱ्याला गोळाबारीचा नियम लिहावा लागतो, आणि नियम लिहिताना दारूचा साठाही मोजावा लागतो. वेढा घालणाऱ्यांना दारूगोळ्याची चणचण होती, पुण्याहून आणि मुंबईहून येणारा पुरवठा अपुरा होता, हे त्याच काळच्या वृत्तान्तांतून दिसते. दारू मोजकी असताना झपाट्याने तोफा डागणारा खेळाडू थोड्याच डावांत रिकाम्या हाताने बसतो. किल्ल्यातून येणारा माराही दुपारी थांबत होता, तेव्हा ‘आळस’ दोन्हीकडे सारखाच धरावा लागेल. संथ मारा हा काटकसरीचाही भाग असावा असे मला वाटते. मूरने जे पाहिले ते खरेच पाहिले असेल, पण विशीच्या आसपासच्या परक्या अधिकाऱ्याने लावलेला अर्थ आपण जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही.

रंगकामाचे तंत्रही असेच विचार करायला लावते. आधी अस्तराचा हात, मग मूळ रंग, मग चुण्यांत उतरणारा पातळ गडद रंग, शेवटी उंचवट्यांवर फिकी छटा. इंचभर आकृतीवर कापडाचा खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो काळवंडलेला दिसतो, म्हणून तो थोडा उजळावा लागतो. डोळे तर गणपतीच्या आखणीइतकेच अवघड. एक केस इकडचा तिकडे झाला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. आकृतीच्या पायाखालच्या चकतीकडे मात्र पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. धारवाड मलनाडच्या उंबरठ्यावर आहे. पश्चिमेला तांबूस माती, पूर्वेला हुबळीकडे कापूस-ज्वारीची काळी जमीन. सप्टेंबरात वेढा बसला तेव्हा गवत हिरवे होते, एप्रिलमध्ये सगळे करपलेले. तेव्हा चकती रंगवण्याआधी लढाईचा महिना ठरवावा लागतो. आणि फौजेबरोबर बाजार असतो. धान्याच्या गोण्या बैलांवर लादून लष्करामागे फिरणारे लमाण असतात, ज्यांचे तांडे आजही या भागात आहेत. ते मेजावर नसतील तर साडेसहा महिने एवढी माणसे आणि जनावरे जगली कशी, याचे उत्तरच मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पुरावा इतका तुटपुंजा असताना रंग ठरवणे म्हणजे कल्पनाविलासच. पण साधने अगदीच नाहीत असे नाही. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार याच दशकात पुण्यात काम करत होता आणि तिथलेच चित्रकार गंगाराम तांबट यांची रेखाटने आज पाहता येतात. ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकात देशी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली रंगीत चित्रे आहेत. ती राजपुतान्यातली आणि अठरा वर्षांनंतरची, म्हणून सावधपणे वापरायची. जिथे साधन नाही तिथे अंदाज करावा, पण तो अंदाज आहे हे खेळाच्या टिपणात लिहून ठेवावे. लेखक कथनाच्या ओघात अशा जागा झाकून नेऊ शकतो, रंगवणाऱ्याची पोकळी उघडी पडते. मी ती या छंदाची जमेची बाजू मानतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. युद्धाचा खेळ केला की त्यातली वेदना नाहीशी होते. ही भीती रास्त आहे, आणि नुसते शूर स्वार मांडणाऱ्या मेजावर ती खरीही ठरते. म्हणून तर लमाण, जखमी, मेलेले बैल आणि ओस पडलेली शेतेही रंगवली पाहिजेत. तिसरा आक्षेप सीमाभागात हमखास येतो, टिपूचा शिपाई एवढ्या आस्थेने कशाला रंगवायचा? कारण समोरचा कच्चा असेल तर खेळाला अर्थ उरत नाही, आणि साडेसहा महिने किल्ला लढवणारा बद्रुज्जमान कच्चा नव्हता.

खर्चाचे म्हणाल, तर परदेशी आकृत्या महाग पडतात हे खरे. पण कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळला हलक्या लाकडावर लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ वापरून खेळणी घडवणारे आणि रंगवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातून धारवाडच्या वेढ्यातली माणसे घडवून घेणे अशक्य नाही. त्यासाठी कुणीतरी नीट रेखाटने करून त्यांच्याकडे जायला हवे. सुरुवात सगळ्या वेढ्यापासून करू नये. ७ फेब्रुवारी १७९१ चा हल्ला घ्यावा, जो फसला आणि ज्यात मूर स्वतः होता. एक दिवस, तटाचा एक भाग, आणि दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस-पन्नास शिपाई त्याला पुरेसे आहेत.